नळीच्या तोंडातलं काळं लाकूड

मित्रांनो, मी एक जुनी पोलादी नळी आहे. घर, पूल किंवा शाळा बांधण्याआधी जमिनीच्या पोटातली माती वर आणून दाखवायची, हे माझं काम. कोइमतूरच्या एका कारखान्यात मला घडवलं. शेंगेसारखी मी मधोमध उघडते. माझ्या डोक्यावर वजन आपटतात. मऊ जमिनीत मी सहज उतरते, कठीण जमिनीत अडते. मी अडले की जमीन पक्की आहे म्हणून माणसं खूश होतात. त्या कौतुकाची मला चटक लागली होती.

केरळातल्या पाणथळ कुट्टनाडात मात्र त्याच कौतुकाची लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

तिथली शाळा नदीपलीकडे होती. पाणी चढलं की होडी बंद, आणि मुलं घरी. नदीच्या अलीकडे, गावातच नवी शाळा व्हावी म्हणून मुख्याध्यापिका सुभद्रा टीचर वर्षानुवर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होत्या. जमीन चांगली निघाली तरच मंजुरी मिळणार होती. सगळं गाव बांधावर जमलं.

थोडं खाली गेले आणि मी अडले. मिस्त्री लोनप्पन डोंगराकडचा, इथल्या जमिनीला नवखा. घाम पुसत तो ओरडला, "टीचर, चुलीवर गोड पायसम चढवा! खडक लागला!"

"चेट्टा, तुझ्या तोंडात साखर पडो!" टीचर त्या मिस्त्रीदादाला म्हणाल्या.

मला वर काढून कोणीतरी मोगऱ्याची माळही अडकवली. पण माझ्या तोंडात खडकाचा कणही नव्हता. काळं लाकूड होतं. त्या चिखलाखाली फार जुनी झाडं आडवी पडलेली असतात. गावात हे सर्वांना ठाऊक होतं. लोक माझ्या तोंडात डोकावले आणि एकमेकांकडे न बघता मागे सरले. इंजिनियर शाहिना परगावची. ती तो चुरा खडकाचाच समजून हसत हसत पिशवीत भरू लागली.

टीचरनी एक तुकडा नखाने सोलला. "थांब मोळे, थांब पोरी. हे लाकूड आहे."

"गप्प बसा की, टीचर!" होडीवाला कुंजप्पन खेकसला. "शाळा तुमची, पण पोरं आमची. होडी उलटली तर रडणार कोण?"

"म्हणूनच सांगतेय रे. भिंत खचली तर आत तीच पोरं असतील."

जागा थोडी सरकवून पुन्हा भोक पाडलं. तिथे वजन उचलावंही लागलं नाही. मी माझ्याच भाराने चिखलात उतरत गेले.

"फार खोल खांब लागतील, टीचर," शाहिना खाली बघत म्हणाली. "मंजूर होणाऱ्या पैशात ते बसणार नाहीत."

शाळा पलीकडेच राहिली.

संध्याकाळी पलीकडच्या बाजाराला जाणाऱ्या होडीत दाटी होती, तरी टीचरशेजारी कोणी बसलं नाही. ती रिकामी जागा पाहून लोनप्पनने मला तिथे ठेवलं. मी चिखलाने माखलेली. टीचरनी पदराने माझं तोंड पुसलं, तेव्हा मला जमिनीत परत जावंसं वाटलं.

मित्रांनो, आम्हां नळ्यांना धुऊन, तेल लावून ठेवा. पण तेवढ्याने भागत नाही. जमीन कशी हवी ते मला सांगू नका, कशी आहे ते विचारा. आणि नकोसं उत्तर जो सांगेल, त्याच्या शेजारी तुम्ही जाऊन बसा. तिथे लोखंड ठेवायची वेळ आणू नका.