डाव्या वळणावरचा खांदा

बुर्गीने एक गुडघा बर्फात टेकला आणि सेव्हेरिनच्या दोन्ही बुटांची बकलं एकेक करून उघडून टाकली.

"आता ये खाली."

"अशा ढिल्या बुटांनी? पाय बाहेर येईल माझा."

"मागे रेललास तर येईल. नडगी बुटाच्या जिभेला चिकटवून ठेवलीस, तर बूट बिचारा कुठे जातोय?"

सेव्हेरिन चोवीस वर्षांचा, उंचीने तिच्या हातभर वर. पाच वर्षांचा असताना तो तिच्या स्कीवर्गाच्या रांगेत शेंबूड पुसत उभा असायचा. डोंगरावर एकदा चढलं की ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्ये सगळेच एकमेकांना अरेतुरे करतात, पण तो तिला तू म्हणायचा तो लहानपणापासूनच्या हक्काने. दोन दिवसांनी त्याची स्की-प्रशिक्षकाची सरकारी परीक्षा होती, तिसरी आणि शेवटची खेप. पास झाला तर पुढच्या हिवाळ्यापासून गावातल्या मुलांचा वर्ग त्याच्याकडे येणार होता. नापास झाला तर स्की-शाळेचे प्रमुख बाहेरचा कुणीतरी नेमणार, हे त्यांनी बुर्गीला तोंडावर सांगून टाकलं होतं. एकतीस हिवाळे वाढवलेली रांग कुणा परक्याच्या हाती द्यायची, या कल्पनेनेच तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आधीच्या दोन्ही वेळा शेरा तोच होता. डाव्या वळणाच्या शेवटी डावा खांदा मागे उघडतो, भार बाहेरच्या स्कीवरून आतल्या स्कीवर सरकतो.

सेव्हेरिन निघाला. उजवं वळण दृष्ट लागण्यासारखं, छाती दरीकडे, दोन्ही हात पुढे, बाहेरची स्की बर्फात घट्ट रुतलेली. मग डावं आलं. खांदा दार उघडावं तसा डोंगराकडे उघडला, कंबर मागे पडली, ढिल्या बुटातून टाच वर आली आणि गडी बसला बर्फात.

"बघितलंस?" बुर्गी त्याच्याजवळ येऊन थांबली आणि तिने काठीच्या टोकाने वर दाखवलं. "उजव्या वळणात बाहेरच्या स्कीची रेघ बघ, सुरीने कापल्यासारखी. आणि डाव्यात? बाहेर नुसता ओरखडा. सगळं ओझं आत. ऊठ. आता काठ्या आडव्या धर, हातांवर. समज ट्रे आहे. ट्रेवर सूपचे दोन वाडगे आहेत आणि खाली तुझी होणारी सासू बसलीय."

"मला सासू नाही."

"सूप असंच सांडत राहिलास तर मिळणारही नाही."

तो हसला, आणि पुढच्याच डाव्या वळणावर ट्रे कलंडला. महिनाभर हेच चाललं होतं. एका पायावर वळून झालं, काठ्या टाकून झालं, उजव्या खिशात दगड भरूनसुद्धा झालं. पोराची ताकद, नजर, धिटाई, कशातच खोट नव्हती. मग हा खांदा जातो कुठे? बुर्गीने कधी कुणापुढे हात टेकले नव्हते आणि या खांद्यापुढे टेकायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

दुपारी ती डोंगरावर नेणाऱ्या स्की-लिफ्टच्या वरच्या टोकाशी बाकावर बसली. लिफ्टवाला कोर्बिनिआन शेजारच्या खोऱ्यातला, याच हिवाळ्यात इथे आलेला. त्याने थर्मासमधला चहा तिच्यापुढे केला.

"बुर्गी, रागावणार नसशील तर एक सांगू?"

"रागावायचं की नाही ते ऐकून ठरवीन."

"तुमच्या गावचं माणूस मला इथून वरून ओळखू येतं. चेहरा दिसायची गरजच नाही."

"इतकी चांगली स्की करतात म्हणून?"

"करतात, करतात. पण डावीकडे वळले की सगळे मागे वळून बघतात. कुणी पाकीट मारलंय की काय, असे."

"जळतोस तू," बुर्गी म्हणाली आणि तिने चहाचा एक घोट घेतला.

मग तिने खाली पाहिलं. टपाल वाटणारी फ्रोनी चालली होती. डावं वळण, खांदा मागे. तिच्या मागून बेकरीवाल्याच्या जुळ्या मुली, दोघींचा खांदा एकाच वेळी मागे. अग्निशमन दलाचा प्रमुख, पोट सुटलेला, चाळिशीचा, त्याचाही. मग हिरव्या जाकिटातला एक पाहुणा आला, त्याची वळणं दोन्हीकडे सारखीच वेडीवाकडी. त्यानंतर पुन्हा गावचंच कुणीतरी, पुन्हा तेच. चहा कपातच गार झाला.

तिच्या कामाच्या दुसऱ्या हिवाळ्यात रांगेतली एक मुलगी नाहीशी झाली होती. दहा मिनिटांनी सापडली, फरच्या झाडामागे बसून मजेत बर्फ खात होती. पण त्या दहा मिनिटांची धास्ती बुर्गीच्या मनातून पुरती कधी गेली नाही. तेव्हापासून ती उतारावर मुलं मोजायची. एकोणिसाव्या वर्षी उजव्या गळपट्टीचं हाड मोडल्यापासून तिची मान उजवीकडे वळत नसे. म्हणून मोजायची ती फक्त डाव्या वळणावर, डाव्या खांद्यावरून, प्रत्येक वेळी. आणि मागची आठ-दहा पोरं तिच्या पाठीकडे डोळे लावून, ती करील तसं करत खाली यायची.

ती उठली. लिफ्टच्या बाजूला रात्री पडलेला ताजा बर्फ अजून कुणी तुडवला नव्हता. तिथे तिने चार वळणं घेतली, स्की काढल्या आणि धापा टाकत परत वर चढून स्वतःच्या रेघा पाहिल्या. उजव्या वळणात बाहेरची रेघ खोल होती. डाव्यात नुसता ओरखडा.

"चांगलं शिकवलंस हो," ती मोठ्याने म्हणाली. इतकं चांगलं, की अख्ख्या गावाने एक चूकसुद्धा बिनचूक उचलली.

सेव्हेरिन लिफ्टवरून उतरत होता. तिने त्याला बाजूला घेतलं. गोष्ट कडू असली की ती झटकन सांगून टाकायची, असा तिचा स्वभाव.

"ही खोड तुझी नाही. माझी आहे. माझ्या मागे मागे येऊन लागलीय तुला."

सेव्हेरिनने हातमोजा काढला, बोटं चाचपली, पुन्हा घातला.

"ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी परीक्षकांनी चित्रफीत दाखवली ना, तेव्हापासून. म्हणाले, हे कुणाच्या तरी पाठीमागून जाऊन शिकलेलं दिसतंय, पुढे कोण असायचं? मी म्हटलं, आठवत नाही."

"आणि तरी माझ्याकडेच आलास? शहरात एकाहून एक पडलेत शिकवणारे!"

"तिकडे गेलो असतो तर गावाने विचारलं असतं, घरची बुर्गी असताना तिकडे कशाला? मग काय सांगायचं होतं मी?"

बुर्गीला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. तिने त्याच्या टोपीवर एक टप्पल मारली.

"गाढवा. शेवटची खेप आहे तुझी."

"माहीत असूनही जात नाही गं ती. डावं वळण आलं की डोळ्यांपुढे तूच येतेस, आणि तुझा खांदा गेला की माझाही जातो."

 बुर्गीने वाकून त्याच्या बुटांची बकलं घट्ट लावली आणि मग स्वतःची.

"मग आता दुसरी बुर्गी बघ. ये माझ्या मागे. खालपर्यंत. मी मागे बघणार नाहीये."

"तुला जमेल?"

"तू तुझं बघ."

ती निघाली. उजवं वळण नेहमीसारखं झालं. डावं येताच मान आपोआप फिरू लागली, तशी तिने दोन्ही हात पुढे, डोळ्यांना दिसतील असे रेटले आणि उजवी नडगी बुटात दाबली. छाती दरीकडे ठेवली. खाली चर्चचा मनोरा दिसत होता, त्याच्यावर तिने नजर रोवली. उजव्या पायाखाली स्की बर्फात अशी रुतली की या वयात तिला ते सुख नवं वाटलं. दुसरं डावं वळण, तिसरं. मागून काहीच ऐकू येत नव्हतं. बर्फ मऊ होता. पोरगा पडला असता तरी आवाज झाला नसता. मानेला खाज सुटली, पाठीवरून घामाचा ओघळ गेला. तिने मनोऱ्यावरून नजर काढली नाही. चौदा डावी वळणं तिने घेतली, आणि त्यातल्या एकाही वळणावर मोजलं नाही.

खाली येऊन ती थांबली. दोन श्वासांनंतर सेव्हेरिनच्या स्की तिच्या शेजारी येऊन टेकल्या.

"कसा आलो?" त्याने विचारलं.

"मी कुठे पाहिलं?"

दोघांनी मिळून वर पाहिलं. उतारावर तिच्या रेघांवर त्याच्या रेघा पडल्या होत्या आणि कुठली कुणाची ते काही केल्या सांगता येईना. मग अंधारेपर्यंत ते आणखी सहा वेळा खाली आले, आणि प्रत्येक वेळी ती पुढेच राहिली.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. पहिली दोन मिनिटं तो नुसता ओरडत होता, त्यावरूनच तिला काय ते कळलं. ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच रडली, मग डोळे पुसून चुलीवरचं सूप ढवळायला गेली.

सोमवारी सकाळी सात मुलं रांगेत उभी होती. रोज बुर्गी पुढे व्हायची. आज ती सगळ्यात शेवटी जाऊन उभी राहिली, तशी मुलं गोंधळली.

"पुढे कोण जाणार?" पाच वर्षांच्या रोझीने विचारलं.

"तू."

"मला वाट माहीत नाही!"

"वाट खालीच जाते. हात पुढे धर, छाती दरीकडे. चल."

रोझी निघाली. मागोमाग सातव्या मुलापर्यंत सगळी. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच बुर्गीला रांग पाठीकडून दिसत होती. उजवं वळण झालं. मग डावं आलं, आणि रोझीचा इवलासा डावा खांदा उघडला, मान वळली, टोपीखालचे डोळे मागे बुर्गीला शोधू लागले.

"पुढे बघ गं!" बुर्गी उतारभर घुमेल अशा आवाजात ओरडली. "मी आहे मागे!"