कुठं लिहिलंय?

मी एक जुनी पितळी घंटी आहे आणि माझ्या हातून एक पाप घडलं आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे मित्रांनो, तुम्ही मला उगाच बिचारी समजणार नाही. चुकीच्या हातात मी खणखणीत वाजले.

माझा जन्म उज्जैनच्या पटनी बाजारात, एका कसेऱ्याच्या, म्हणजे कासाराच्या, दुकानात झाला. खरं तर मी पूजेची घंटी व्हायची होते. दांडीवर नंदी बसलासुद्धा होता. तेवढ्यात शरच्चंद्र मास्तर आले. ते शाळेत शिकवायचे आणि देवास गेटजवळच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीचे 'वडील' होते. वडील म्हणजे बाप नव्हे हं! मंडळीचा कारभार बघायला लोक ज्यांना निवडतात, त्यांना आमच्यात वडील म्हणतात.

"भैया, नंदी उतार दो," मास्तर म्हणाले. कसेऱ्यानं कुरकुरत कानस चालवली, पण नंदीचा एक कान काही निघेना. मास्तर हसले आणि म्हणाले, "राहू द्या. हिला ऐकायचंच काम करायचं आहे." तो कान अजून माझ्या दांडीवर आहे.

स्वराज्य नुकतंच आलं होतं. गोरे पाद्री मायदेशी गेले आणि मंडळी आपल्याच माणसांच्या हाती आली. तेव्हा मास्तरांनी एक रीत पाडली. उपदेश संपला की ज्याला शंका असेल त्यानं पुढं यायचं, मला एकदा वाजवायचं आणि विचारायचं, "कुठं लिहिलंय?" मग पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, पवित्र शास्त्र म्हणजे बायबल उघडून त्या ओळीवर बोट ठेवायचं. सापडलं नाही तर नाही म्हणायचं.

मला पहिल्यांदा वाजवलं ते सुलूनं. चारुलताबाई शिक्षिका होत्या, त्यांची ती एकुलती एक मुलगी. वय वर्षं दहा. नाताळचा रविवार होता. म्हातारे पाळक सांगत होते की बाळ येशूला भेटायला तीन मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, आले. सुलूनं मला दोन्ही हातांनी उचललं. "तीन कुठं लिहिलंय?" पाळकांनी चष्मा पुसला, पान काढलं, दोनदा वाचलं आणि पोट धरून हसले. "नाही गं बाई लिहिलेलं! भेटवस्तू तीन होत्या, माणसं किती ते देव जाणे." त्या दिवशी मला फार भारी वाटलं. तेव्हा माझ्यावर सतरा जणांच्या बोटांचे डाग असायचे आणि त्यांचं कुणालाच काही वाटत नसे.

मग छप्पन्न साल उजाडलं. मध्य भारत राज्य गेलं, मध्य प्रदेश आला, कचेऱ्या भोपाळला हलल्या. आमच्या चार वडिलांपैकी तिघांची बदली झाली. उरले एकटे मास्तर. म्हातारे पाळकही देवाघरी गेले आणि त्यांच्या जागी रणभिसे पाळक आले.

माणूस बोलायला असा गोड की काय सांगू! लोक अक्षरशः डोलायचे. त्यांनी मला चिंचेनं घासून लखलखीत केलं आणि माझ्याखाली मखमल अंथरली. मी फुशारले, हो, फुशारले! मास्तरांनी रिकाम्या जागांवर नवे वडील निवडायचं काढलं, तर पाळक म्हणाले, "मला देवानं नेमलंय, मास्तरसाब. मग मतं कशाला मोजायची?" मास्तर मागे सरले. 'जाऊ दे, नवीन आहे, कशाला झगडा,' असं पुटपुटले. मी त्यांच्याजवळच होते, मला ऐकू आलं. मला कान आहे ना.

हळूहळू माझं काम बदललं. कुणी शंका काढायला उठलं की पाळक स्वतःच मला उचलून वाजवायचे आणि म्हणायचे, "माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका, असं परमेश्वर म्हणतो!" अभिषिक्त म्हणजे देवानं निवडलेला, म्हणजे ते स्वतः. माणूस खाली बसायचा. ज्या आवाजानं लोकांना तोंड फुटायचं, त्याच आवाजानं आता तोंडं बंद व्हायला लागली.

सुलू अठरा वर्षांची झाली होती. तिला साखरेचा आजार होता. रोज सकाळी आई तिला सुई टोचायची, त्या सुईवरच ती पोर जगत होती. एका रविवारी पाळक म्हणाले, "ज्याच्या दंडात सुई, त्याच्या मनात संशय. विश्वास धरा, सुया फेका!" सुलू ऐकत होती. तिचा चेहरा असा उजळला की मला आजही आठवतो. दुसऱ्या दिवसापासून तिनं आईला दंडच दिला नाही. बुधवारच्या प्रार्थनेला मायलेकी आल्या तेव्हा सुलू भिंतीला टेकून बसली होती, सारखं पाणी मागत होती.

चारुलताबाई उठल्या. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती. शिष्य तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी प्रेषित पौलानं औषध म्हणून थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला, शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच होता, असं सगळं कुठं लिहिलंय ते त्यांनी उतरवून आणलं होतं. त्यांचा हात माझ्यापासून वीतभर लांब होता. पण पाळकांनी मला आधी उचललं आणि मी वाजले. जीव तोडून वाजले! साऱ्या मंडळीनं वळून बाईंकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली. बाई खाली बसल्या. "रविवारी विचारीन," असं त्या सुलूला म्हणाल्या.

शनिवारी सुलू गेली. डॉक्टरकडे नेलं होतं, पण फार उशीर झाला होता.

रविवारी पाळक म्हणाले, "मुलगी चांगली होती, पण विश्वास कमी पडला." आणि मागच्या बाकावरून मास्तर उठले. पुढं आले, पाळकांच्या हातातून मला काढून घेतलं आणि चारुलताबाईंच्या हातात दिलं. "बाई, हे मी बुधवारी करायला हवं होतं. मला सगळं ठाऊक होतं. मी भ्यालो," म्हणाले आणि तिथंच रडायला लागले.

बाईंनी मला एकदाच वाजवलं. "माझ्या सुलूचा विश्वास कमी होता, हे कुठं लिहिलंय?"

पाळकांनी शास्त्र उघडलं नाही. ते पुन्हा अभिषिक्ताचं बोलायला लागले. पण तेवढ्यात एका बाकावर पान उलटल्याचा आवाज झाला, मग दुसऱ्या बाकावर. बघता बघता सगळी मंडळी आपापलं पुस्तक उघडून शोधायला लागली. कुणालाच काही सापडलं नाही. महिन्याभरात नवे वडील निवडले गेले आणि रणभिसे पाळक सामान बांधून निघून गेले.

आता माझ्याखाली मखमल नाही. नाताळच्या नाटकात मागी लोक कधी चार असतात, कधी सात. मागच्या वर्षी नऊ होते. एका पोरीनं मला वाजवून विचारलं, "नऊ कुठं लिहिलंय?" सगळे हसले. चारुलताबाईही हसल्या, मग पदरानं डोळे टिपत बसल्या.

मित्रांनो, घंटीला आपला हात निवडता येत नाही, असं म्हणून मी सुटू शकले असते. पण मखमल मला आवडली होती, हे खोटं नाही. म्हणून एकच मागणं आहे. मला घासू नका, तुमच्या बोटांचे डाग पडू द्या. भ्यालात तरी उठा आणि विचारा. आणि रविवारी विचारीन, असं मात्र म्हणू नका. सुलूला तो रविवार मिळाला नाही.