डाव्या बाजूची तीन भोकं

पंक्चर काढायला घरी येणारा माणूस सौंसरात आहे, हे मला शेजारच्या लीलाबाईंनी सकाळी पावणेसातला सांगितलं. माझ्या सायकलचं मागचं चाक महिन्यात तिसऱ्यांदा बसलं होतं. मी मोहगावच्या शाळेत विज्ञान शिकवते. सायकलने पाऊण तास लागतो. दोनदा उशीर झाला होता आणि तिसऱ्यांदा झाला तर दुसरी बाई बघू, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. शाळा साडेआठची.

"सायकलच तुले सांगून राहिली, सुचिता, नको जाऊ म्हणून," बाबा ओट्यावरून म्हणाले. मी नोकरी सोडून घरी बसावं आणि बघायला येणाऱ्यांना पोहे द्यावेत, हे त्यांचं वर्षभर चाललेलं म्हणणं.

मी फोन केला आणि सात वाजता ते पंक्चरवाले कवडूभाऊ लुनावर आले. मागे पेटी, पेटीला पंप बांधलेला.

आधीची दोन पंक्चरं मी सायकल ढकलत दुकानात नेऊन काढली होती. तिथे माझं लक्ष घड्याळाकडे असायचं. या वेळी घमेलं आमचं होतं, पाणी आमचं होतं, मी समोरच बसले.

कवडूभाऊंनी ट्यूब ओढून काढली, हवा भरून पाण्यात दाबली. बुडबुडे कडेने आले. शेजारीच जुनी दोन ठिगळं होती. मग त्यांनी टायरच्या आतून बोट फिरवलं.

"काटा नाही, काच नाही. रस्त्याचं पंक्चर मधात होते ताई. हे पहा, तिन्ही भोकं बाजूले. डाव्याच."

मी वाकून पाहिलं. टायरच्या डाव्या बाजूला तीन बारीक छिद्रं, सगळी एका वितीत. सायकल मी रोज भिंतीला टेकवते, उजवी बाजू भिंतीकडे.

"तिन्ही सारख्याच जाडीची," मी म्हटलं.

"दाभणाची असन," कवडूभाऊ सहज बोलून गेले आणि ओट्याकडे नजर जाताच पेटीत ठिगळ शोधू लागले.

कापसाची पोती शिवायचं दाभण आमच्या घरात एकच. ते बाबांच्या खोलीत खुंटीला असतं.

"काहून भलतंसलतं बोलून राहिला बे? आपलं काम कर!" बाबा ओरडले.

"थांबा भाऊ," मी म्हणाले. "हे ठिगळ मी लावते. मले शिकवा."

ट्यूब घासली, सोल्युशन लावलं, सुकू दिलं, ठिगळ दाबून धरलं. बाबा बघत होते. पुन्हा पाण्यात धरली, बुडबुडा नाही. मग मी आत गेले, खुंटीवरून दाभण आणलं आणि बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

"घ्या. चौथं पाडायचं असन तर आता पाडा, माझ्यासमोर. मी इथीच बसून पुन्हा काढीन. अन् नाहीच निघालं तर पायी जाईन. पण जाईन."

"बापाले असं बोलतात?"

"ट्यूब बोलली, बाबा. मी फक्त वाचलं."

त्यांनी दाभणाला हात लावला नाही. कवडूभाऊंनी ट्यूब बसवून चाकात हवा भरली, मी त्यांच्याकडून सोल्युशनची नळी आणि चार ठिगळं विकत घेतली. मी निघाले तेव्हा सात अडतीस झाले होते. प्रार्थनेला मी रांगेत उभी होते, धापा टाकत.

संध्याकाळी सायकल त्याच भिंतीला टेकवली. डावी बाजू अंगणाकडे.