मेलेल्या पाखरांची मापं

मी एक जुनी, मेणकापडाची टेप आहे. सुरुवातीचे आकडे घासून पुसले गेलेत, म्हणून टेलरबाई माझ्या दहाच्या खुणेपासून माप धरतात.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला, पण मी वाढले टेलरबाईंच्या गळ्यात. गणवेशाचं माप देताना मुलं गुदगुल्यांनी वळवळत. बाई दटावत, "सरळ उभा राहा, नाहीतर एक बाही कोपरापर्यंत आणि एक गुडघ्यापर्यंत शिवीन!" पुढे तयार कपड्यांची दुकानं आली. शिलाईयंत्रावर चादर पडली आणि मी खुंटीला लागले.

एके दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. दर रविवारी त्या चार माणसं घेऊन किनाऱ्यावर फिरत आणि वाहून आलेले मेलेले पक्षी, डॉल्फिन, कासवं नोंदवत. त्यांना नेमकं माप घेणारा हात हवा होता.

शेजारीण हसली. "आता पाखरांना सदरे शिवणार का?"

"काय बिघडलंय ते मापाशिवाय कसं कळणार?" असं म्हणत टेलरबाईंनी मला खुंटीवरून काढलं.

पहिला एक कुरव पक्षी होता. त्याच्या गार पंखाखालून गेले तेव्हा वाटलं, आता हा वळवळेल. तो हलला नाही. पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून बाईंनी त्याच्या पायाला लाल दोरा बांधला. नंतर असे कितीतरी पाय मी पाहिले.

मग डॉल्फिनचं एक पिल्लू आलं. गळ्यात हिरव्या जाळ्याचा तुकडा रुतलेला. बाईंनी माप घेतलं, तुकडा सोडवला आणि तिथेच वाळूत बसल्या. जाळ्यावरची दुहेरी गाठ त्यांचीच होती. मासेमारी करणाऱ्या भावाचं जाळं त्यांनी स्वतः सांधलं होतं.

संध्याकाळी त्या भावाकडे गेल्या. "दादा, ते हिरवं जाळं कुठंय?"

"वादळात खडकाला अडकलं. फाटकंच होतं, दिलं तोडून. का गं?"

"तू सोडलंस, पण त्याने धरणं सोडलं नाही. अजून मारतंय ते."

"समुद्रात काय माझं एकट्याचंच जाळं आहे? माझ्याच नावाने कशाला बोंब?"

बाईंनी तो तुकडा दादांच्या तळहातावर ठेवला. दादांनी गाठ चाचपली आणि ते आत निघून गेले. भावाबहिणीचं बोलणं तुटलं. बाई मात्र मला मुठीत गुंडाळून दर रविवारी किनाऱ्यावर येत राहिल्या.

अशाच एका रविवारी दादांची होडी जड होऊन किनाऱ्याला लागली. सोबत्यांना घेऊन, लोखंडी गळ टाकून त्यांनी ते जाळं खडकातून ओढून काढलं होतं. आत पक्षी होते, एक कासव होतं आणि एक मोठी डॉल्फिन. पिल्लाची आईच असावी.

दादांनी एकेकाला सोडवून वाळूवर ठेवलं. मग बहिणीकडे न बघता म्हणाले, "आण. एक टोक मी धरतो."

डॉल्फिनच्या लांबीला मी पुरले नाही. जिथे मी संपले, तिथे दादांनी बोट दाबून धरलं. बाईंनी मला उचलून तिथून पुढे लावलं. माप झालं तरी दादांनी बोट काढलं नाही. बाईंनी त्यावर आपला हात ठेवला.

मित्रांनो, तुटलेली दोरी, फाटकं जाळं पाण्यात सोडू नका. ओझं झालं तरी घरी आणा. घरी आणलेलं फाटकं निदान शिवता तरी येतं.