चेअरमनच्या गाडीचा मॅनिफोल्ड

शहादेवने साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षं फिटर म्हणून काढली. दोन हजार पंधरा साली शिवारात ऊसच उरला नाही, गाळप बंद पडलं आणि कामगार घरी बसले. शहादेवने वडवणीच्या अलीकडे, भीमनगर वस्तीत, घरापुढेच पत्र्याचं शेड टाकलं आणि बोअरच्या मोटारी दुरुस्त करू लागला. ॲल्युमिनियमला वेल्डिंग करणारा हात त्या भागात त्याचा एकट्याचाच. म्हणून तर कारखान्याच्या चेअरमनची, सुंदररावांची, नड त्याच्या दारात आली.

सुंदररावांकडे एक जुनी विलायती गाडी होती. लाल, दोन सीटांची, टप उघडणारी. त्यांच्या वडिलांनी ती हैदराबादच्या एका नवाबाच्या घरून आणलेली. त्या हिवाळ्यात पुण्याला जुन्या गाड्यांचा मेळा भरणार होता आणि सुंदररावांना ती तिथे स्वतः चालवत न्यायची होती. पण गाडी चालू केली की धूर सोडायची आणि चढाला बंद पडायची.

त्यांचा ड्रायव्हर बंकट एका सकाळी पोत्यात गुंडाळलेला मॅनिफोल्ड घेऊन आला. हवा आणि पेट्रोल इंजिनात वाटून देणारा हा ओतीव ॲल्युमिनियमचा भाग. हाताची चार बोटं पसरावीत तशा त्याच्या चार नळ्या, आणि त्यांच्या खालून पाणी फिरायला पोकळ वाट. शहादेवने तो उलटा केला. पाण्याची वाट पांढऱ्या क्षारांनी बुजली होती आणि धातू वाळवी लागल्यासारखा खाल्ला गेला होता.

"पानी कोणतं टाकीत होता बे याच्यात?" शहादेवने विचारलं.

"बोअरचं. दुसरं कुठून आणू? नदी तर कोरडी हाय."

"नवा न्हाई मिळत?"

"साहेबांनी मुंबईपर्यंत विचारलं. कुठंच न्हाई. तुझ्यावरच हाय आता."

बंकट गेल्यावर शहादेव कितीतरी वेळ तो भाग मांडीवर घेऊन बसून राहिला. शेवटी त्याने घराकडे पाहून हाक मारली, "मनकर्णे, बघ काय आलंय."

त्याची बायको काठी टेकत बाहेर आली. चाळिशीही उलटली नव्हती तिची, पण चालताना उजवा पाय ओढत होती.

दोन हजार तेराच्या दुष्काळात मनकर्णा गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला राखीव जागेवरून उभी राहिली होती. समोर सुंदररावांचं पॅनल होतं. अर्ज मागे घे म्हणून दोनदा निरोप आला, तिने घेतला नाही. चार मतांनी पडली. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याचा पाण्याचा टँकर भीमनगरला थांबेना. धुरळा उडवत वस्तीवरून पुढे निघून जायचा. अकरा दिवस बायका दीड कोसावरच्या एका पडक्या विहिरीतून पाणी आणत होत्या. अकराव्या दिवशी मनकर्णा पायऱ्यांवरून घसरली आणि भरल्या घागरीसकट खालच्या दगडावर आदळली. कंबरेचं हाड मोडलं. जोडलं, पण वाकडं.

तेव्हा शहादेवला सुंदररावांच्या कारखान्यात काम होतं. तो दात आवळून गप्प बसला होता.

"करनार हाव का?" मनकर्णाने विचारलं.

"करतो की." तो हळूच म्हणाला, "आतून या पान्याच्या वाटेला सुईएवढं भोक ठेवतो. वरून दिसनार न्हाई. पुण्याच्या वाटेवर पानी थेट इंजिनात जाईल. आख्खं इंजिन बसंल त्याचं."

त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी मनकर्णाने जेवताना त्याला आग्रह केला.

काम सुरू झालं. शहादेवने मॅनिफोल्ड दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. मोडून आत अडकलेले बोल्ट गरम करून, थेंब थेंब तेल पाजून बाहेर काढले. पाण्याच्या वाटेतले क्षार ॲसिडने सोडवले, तारेने खरवडले. सडलेला धातू चकाकेपर्यंत कोरून काढला आणि तिथे वेल्डिंगने नवा धातू थरावर थर भरला. इंजिनाला टेकणारी बाजू वाकली होती. ती जाड काचेवर पॉलिश पेपर अंथरून, तेलपाणी लावून आठ दिवस घासली. पट्टी लावून उजेडाकडे धरली तेव्हा मधून केसाएवढीही फट दिसेना.

भोक कुठे ठेवायचं ते त्याने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. तिसऱ्या नळीच्या खाली. ती जागा तो मुद्दाम शेवटी ठेवत होता. रोज काम संपलं की तिच्यावरून अंगठा फिरवायचा, आणि सुंदरराव भर रस्त्यात बंद गाडीजवळ उभे आहेत असं चित्र डोळ्यांपुढे आणायचा. त्या चित्राने त्याला झोप चांगली लागायची.

पंधराव्या दिवशी सुंदरराव स्वतः काम बघायला आले. पांढरा शर्ट, हातात मोबाइल, मागे बंकट. त्यांनी मॅनिफोल्डवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"शहादेव, सोन्याचे हात हायेत बे तुझे. माझा बाप असता तर नाचला असता."

तेवढ्यात मनकर्णा चहा घेऊन आली. एका हातात कपबशी, दुसऱ्या हातात काठी. सुंदररावांनी कप घेतला आणि सहज, आपुलकीनेच विचारलं, "ही लंगडती कावून? काय झालं हिला?"

बंकटने मान खाली घातली.

"पडले," मनकर्णा म्हणाली.

"जपून चालत जा, बाई," सुंदरराव म्हणाले, आणि चहा संपवून निघून गेले.

सुंदररावांची जीप दिसेनाशी झाली तेव्हा मनकर्णा जमिनीवरच बसली.

"त्याला म्हाईतच न्हाई. अवो, त्याला आठवत सुदिक न्हाई!"

"इंजिन बसलं की..."

"काय कळंल त्याला इंजिन बसलं की? म्हनंल, जुना माल हाय, गेला. तुमाला चार शिव्या देईल आन् इसरंल. चोरून केलेलं काय कामाचं? मला त्याच्या तोंडाकडं बघायचंय. कुनी केलं आन् कशापायी केलं, ते त्याला कळाया पायजे."

शहादेव उठला आणि तिसऱ्या नळीखालची ती जागा त्याने त्याच दुपारी वेल्डिंग करून बंद केली. आता काम अर्धवट ठेवून चालणार नव्हतं. पाण्याच्या वाटेची तोंडं बंद करून त्याने सायकलच्या पंपाने आत हवा भरली, बाहेरून साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा आला नाही. बोल्टांसाठी नवे आटे पाडले. मग आरशासारखा चमकेपर्यंत बफ मारला. एवढं चांगलं काम त्याने कारखान्याच्या एकोणीस वर्षांतही केलं नव्हतं, आणि हे त्याला ठाऊक होतं.

सुंदरराव बंकटला सोबत घेऊन मॅनिफोल्ड न्यायला आले त्या सकाळी शहादेवने तो ऐरणीवर मांडून ठेवला होता. सुंदरराव लहान मुलासारखे पुढे झाले.

"थांबा, चेरमनसाहेब. आधी एक विचारतो. दोन हजार तेराला तुमचा टँकर अकरा दिवस या वस्तीवर थांबला न्हाई. आठवतं?"

"कोणता टँकर बे? लई टँकर होते तवा."

"विलेक्शन झालं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आसंल काही. आता त्याचं काय? जुनं उकरू नको. दे इकडं."

"त्या पान्यापायी ही विहिरीत पडली. तुमी इचारलं होतं ना, लंगडती कावून?"

सुंदररावांनी मनकर्णाकडे पाहिलं. मग ऐरणीकडे. शहादेवच्या हातात घण होता. त्यांच्या ध्यानात आलं आणि ते ओरडले, "ए, शहादेव! न्हाई!"

पहिला घाव तिरका पडला. शहादेवचाच हात कचरला होता, स्वतःच्या कामावर उचलताना. दुसऱ्या घावाला दोन नळ्या तुटून उडाल्या. तिसऱ्याला मधला भाग फुटला. सुंदरराव गुडघ्यावर बसून तुकडे गोळा करू लागले. धार लागून त्यांच्या बोटातून रक्त आलं.

"आरं, माझ्या बापाची गाडी होती ती," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मनकर्णा काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. तिने मान वळवली नाही.

दुपारी पोलिसांनी शहादेवला ठाण्यात नेलं. त्याने काहीच नाकारलं नाही. "मी फोडला. पन कावून फोडला ते बी लिव्हा," तो म्हणाला आणि तारखांसकट सगळं सांगितलं. हवालदाराने साक्षीला बंकटला बोलावलं. बंकट आधी घुटमळला. मग म्हणाला, "टँकरवर तवा मीच होतो. भीमनगरला थांबू नको, असं साहेबांनी सांगितलं होतं. मी गेलतो तसाच पुढं."

हे कागदावर आलेलं सुंदररावांना कळलं आणि संध्याकाळच्या आत त्यांनी तक्रार मागे घेतली. बंकटची ड्रायव्हरकी गेली. तो केजला सीटा भरून नेणाऱ्या वडापच्या जीपवर लागला.

पण टँकरची गोष्ट आता गावोगाव गेली होती. सोसायटीत, चहाच्या टपरीवर लोक सुंदररावांच्या तोंडावर नाही, पण त्यांना ऐकू जाईल असं बोलू लागले. मनकर्णाची कंबर दुखायची तशी दुखत राहिली. शहादेवला मात्र पस्तावा झाला नाही. वाईट वाटलं ते फक्त त्या कामाचं.

महिनाभराने सुंदररावांचा भाचा आप्पाराव शेडपाशी आला. चप्पल काढून बसला. खालच्या आवाजात म्हणाला, "मामा झुरून गेलेत. तसा दुसरा ओतून करता येईल का?"

"येईल," शहादेव म्हणाला. "मापं सगळी हायेत माझ्याजवळ."

"मग?"

शहादेवने मनकर्णाकडे पाहिलं. ती ज्वारी निवडत होती. वर न बघताच ती म्हणाली, "त्येंला म्हनावं, स्वतः या. हितं, माझ्यापुढं बसा आन् मागा."

आप्पाराव चप्पल घालून निघून गेला. सुंदरराव अजून आलेले नाहीत. गाडी त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे.