नमुन्याची चिठ्ठी

तिला सगळे ‘बाणवाली’ म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर ते आलं होतं आणि तिला त्याचा राग नव्हता. मूळची ती गणितातली. आरोग्य संशोधन संस्थेत आल्यापासून मात्र भिंतीवर मोठाले कागद लावायचे, माणसांना बोलतं करायचं आणि कशामुळे काय होतं ते बाणांनी जोडत जायचं, हाच तिचा उद्योग. डॉक्टरांना ती गणितवाली वाटे, गणितवाल्यांना समाजसेविका, आणि समाजशास्त्राची मंडळी तर तिला दारातही उभं करत नव्हती.

आज तिची कसोटी होती. शहराच्या एका टोकाच्या वस्तीतली म्हातारी माणसं एकाकी पडत होती, औषधं सोडत होती, पिऊ लागली होती आणि घरातल्या घरात मरत होती. डॉक्टर आजार मोजत होते, मानसतज्ज्ञ उदासी मोजत होते, बसखातं तिकिटं मोजत होतं. सगळं एकत्र मांडून कुणीच बघत नव्हतं. त्या वस्तीची बस, दवाखान्याची सोय आणि म्हाताऱ्यांचं विरंगुळा केंद्र एकाच वेळी बदलायचं आणि काय होतं ते सगळ्या शास्त्रांनी मिळून बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. त्यासाठी या तिन्हींच्या प्रमुखांना आणि संस्थेच्या अध्यक्षांना एका खोलीत बसवता बसवता तिच्या नाकी नऊ आले होते.

हीच वस्ती का, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. तिचे वडील तिथे एकटे राहत.

बाबा न्हावी. जन्मभर खुर्चीमागे उभं राहून त्यांनी केस कापले आणि त्याहून जास्त गप्पा हाणल्या. “मग, काय नवीन?” असं विचारल्याशिवाय त्यांची कात्री चालायचीच नाही. दुकान बंद केल्यावर ते विरंगुळा केंद्रात जाऊन म्हाताऱ्यांचे केस फुकट कापू लागले. कोण कुणावर रुसलं, कोणाचा जावई कसा नग आहे, सगळं पुराण रोज फोनवर लेकीला ऐकवायचे. ती कामात असली की वैतागायची. अलीकडे ते फोन कमी झाले होते.

तिने सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. “गेल्या वर्षात तुमच्याकडे काय सुधारलं? एकच गोष्ट लिहा.”

कुणी पेन उघडेना. हेही नेहमीचंच. पहिलं कोण, म्हणून सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. अशा वेळी ती स्वतःच एक नमुन्याची चिठ्ठी लावायची, काहीतरी घरगुती, माणसं सैलावतील असं. आजही तिने पटकन लिहिलं आणि वाचून दाखवलं. “वडिलांचे फोन कमी झाले. एकटं राहायची सवय झाली त्यांना.”

खोलीत हशा पिकला. “आमच्या सासूबाईंनाही लावा हो ही सवय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग चिठ्ठ्या भराभर आल्या. बसवाल्या साहेबांनी लिहिलं होतं, रिकाम्या फेऱ्या बंद केल्या. डॉक्टरीणबाईंनी, दवाखान्यातली रांग कमी झाली. केंद्रप्रमुखांनी ऐटीत लिहिलं होतं, भांडणं आणि तक्रारी थांबल्या. अध्यक्षांनी सगळ्यांकडे कौतुकाने पाहिलं.

तिने पेन उचललं. “बस बंद झाली,” पहिला बाण काढत ती म्हणाली, “म्हणून माणसं केंद्रात येईनाशी झाली. माणसंच नाहीत तर भांडणार कोण? केंद्र ओस पडलं म्हणून ते आठवड्यातून एकदाच उघडू लागलं, म्हणून डॉक्टरांची तिथली तपासणी बंद झाली. दवाखाना लांब आहे, तिथवर यायलाही बस नाही. रांगेतली माणसं बरी झालेली नाहीत, बाई. ती येऊ शकत नाहीत. या तिन्ही चिठ्ठ्या एकाच गोष्टीच्या आहेत. माणसं घरात अडकलीत. ना कुणाशी बोलणं, ना सांगण्यासारखं काही, आणि मग...”

हात सवयीने पुढच्या चिठ्ठीकडे वळला. बाणाचं टोक तिच्याच अक्षराला टेकलं होतं.

बस बंद झाल्याचं तिला कधीच कळलं होतं, कामाच्या कागदांतून. बाबा आता केंद्रात कसे जातात, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं. फोन कमी झाले तेव्हा तिला हलकं वाटलं होतं. खरंच हलकं वाटलं होतं.

कुणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तिघांची जुंपली होती.

“केंद्रात माणसं दिसू देत, लगेच बस सोडतो,” बसवाले साहेब म्हणाले.

“बस येऊ दे, रोज केंद्र उघडतो,” केंद्रप्रमुख म्हणाले.

“केंद्र तर चालू करा, मी लगेच येते,” डॉक्टरीणबाईंनी री ओढली.

“म्हणूनच तिघांनी एकदम करा म्हणतेय ना!” तिचा आवाज चढला.

अध्यक्षांनी हात वर केला. “चित्र झकास आहे. पण आपण टप्प्याटप्प्याने जाऊ. आधी नुसती बस सुरू करून बघू.”

“नुसती बस बंद केंद्राच्या दारात जाऊन उभी राहील, सर. रिकामी जाईल, रिकामी येईल. आणि बसची गरजच नव्हती, हे सिद्ध होईल.”

“तसं तर तसं,” अध्यक्ष उठत म्हणाले. “शेवटी विज्ञान आहे.”

भिंतीवरचा कागद काढायलाही ती थांबली नाही. तडक बाबांकडे गेली.

दार उघडायला त्यांनी वेळ लावला. केस कानावर आलेले, दाढीचे खुंट वाढलेले. गिऱ्हाइकाच्या मानेवर एक चुकार केस राहिला तरी त्याला दारातून परत बोलावणारा हा माणूस.

“बाबा, फोन का करत नाही?”

“काय सांगू फोनवर? काही घडतच नाही. आणि तू कामात असतेस.” आवाजात रुसवा नव्हता. रुसवा असता तर तिने समजूत काढली असती.

समोर आरसा दिसला. “माझे केस वाढलेत,” ती म्हणाली. “कापता?”

त्यांनी मुकाट्याने तिच्या खांद्यावर टॉवेल टाकला, कात्री आणली. हात अजून स्थिर होता. केस पायाशी पडू लागले. ती त्या एका प्रश्नाची वाट बघत बसली. तेवढा आला, तर अजून सगळं हातचं गेलेलं नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. बाबांनी बोटाने तिची मान वाकवली आणि ते कापत राहिले.

शेवटी तिला राहवेना. “बाबा, विचारा ना.”

“काय?”

“काय नवीन, म्हणून.”

कात्री थांबली. आरशात त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“तुला घाई असेल, पोरी,” ते म्हणाले. “आटपतो लवकर.”