साठ मीटर पाणी

"हे सांगितलं तर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही," कप्तान म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून ऐटीत बसले. जन्मभर गोदीत गोण्या वाहिलेल्या. कप्तान ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती.

समोर नात भौतिकशास्त्राची वही उघडून वैतागली होती. आजी खिडकीशी शर्टाला बटण लावत होती.

"तुझी आजी नर्स. बदली होऊन निघालेली. तिची बोट पलीकडच्या धक्क्याला, मी अलीकडे. मधे साठ मीटर पाणी, बोट सुटायला दोन मिनिटं, आणि लग्नाचं मी अजून विचारलेलंच नाही!"

"मग पोहायचं ना, आजोबा!"

"नव्या पँटीत? भलतंच काय! तिथे मिठानं भरलेला पडाव होता, मालवाहू होडीच म्हण, तीस टनांची. दोर सोडला, खांदा लावला, चांगले दहा सेकंद रेटला आणि मारली वर उडी. सुसाट निघाला पडाव!"

बोलता बोलता ओल्या फळ्यांचा गारवा त्यांच्या खांद्याला पुन्हा झोंबला. डांबराचा वास आला. ओठांवर मीठ आलं. एवढं मात्र खरं होतं.

"जोर किती लावलात?"

"रेड्याएवढा!"

"सहाशे न्यूटन धरते, तेही जास्तच झाले तुम्हाला. गुणिले दहा सेकंद, सहा हजार. हा आवेग. पडाव आधी स्थिर होता ना?"

"अगदी ढिम्म."

"म्हणजे सगळा संवेग याच रेट्यातून आला. भागिले तीस हजार किलो..." पेन्सिल थांबली. "अंतिम वेग सेकंदाला वीस सेंटिमीटर! पाण्यानं जराही अडवलं नाही असं धरूनसुद्धा पलीकडे जायला पाच मिनिटं. बोट तर दोन मिनिटांत सुटणार होती."

कप्तान चष्मा पुसू लागले. चाळीस वर्षं प्रत्येक लग्नघरात ही गोष्ट रंगली होती. भागाकार कुणी केला नव्हता.

"वारा होता मागून," ते पुटपुटले.

आजीनं दातांनी दोरा तोडला.

"अहो, धडधडीत खोटं बोलताय! बोट माझ्या डोळ्यांदेखत गेली. तुम्ही गोगलगायीसारखे येत होतात, आणि मी ट्रंकेवर बसून तीन मिनिटं तुमची वाट बघत होते!"